रेड पांडाला न दिसण्याची मुभा द्या : प्राणिसंग्रहालयाच्या संचालकांना खुलं पत्र

मा. संचालक आणि व्यवस्थापन समितीचे सदस्य,

सप्रेम नमस्कार.

आपल्या प्राणिसंग्रहालयातल्या रेड पांडाच्या दालनात अलीकडे तीन बदल झाले. मधल्या मोठ्या झाडाचा शेंडा आणि वरच्या आडव्या फांद्या छाटल्या. मागच्या भिंतीलगत बांबूची दाट रांग होती, ती काढून तिथे हिरवळ केली. आणि जी बाजू आजवर बंद होती तिथे काच बसवून प्रेक्षकांसाठी नवा कट्टा बांधला. आता दालनाच्या तीन बाजूंना माणसं उभी असतात. हे कशासाठी केलं, ते बाहेरच्या फलकावर लिहिलेलंच आहे : ‘आता रेड पांडा पाहा अगदी जवळून.’

माझी विनंती याच्या नेमकी उलट आहे. त्या प्राण्याला लपावंसं वाटेल तेव्हा लपता येईल, अशी व्यवस्था त्याला परत द्या. बांबू पुन्हा लावा, उंचावरच्या बसायच्या जागा पुन्हा उभारा आणि तिसऱ्या बाजूची काच झाका. हे पत्र खुलं लिहिते आहे, कारण यातला अर्धा प्रश्न तुमचा आहे आणि अर्धा आम्हा प्रेक्षकांचा. दोघांनीही ते वाचावं अशी इच्छा आहे.

तुमच्यावर दबाव असतो याची मला कल्पना आहे. ‘तिकीट काढून आलो आणि काहीच दिसलं नाही’ ही तक्रार त्या दालनाबाहेर मी कितीदा तरी ऐकली आहे. वडिलांच्या खांद्यावर बसून पानांमध्ये डोळे ताणून बघणारी आणि शेवटी हिरमुसून निघणारी मुलंही पाहिली आहेत. त्यांचं ते हिरमुसणं खरं असतं. प्राण्यांची देखभाल करणाऱ्या किपर मंडळींना दिवसभर त्याच प्रश्नांना उत्तरं द्यावी लागतात, आणि त्यांनी ती आजवर न वैतागता दिली आहेत. तेव्हा प्रेक्षकांसाठी काहीतरी करायला हवं होतं हे मान्य. पण जे केलं, त्याची किंमत पांडा मोजतो आहे.

हा प्राणी राहतो कुठे, ते आधी बघू. नेपाळ, सिक्कीम, दार्जिलिंगचा डोंगराळ भाग, भूतान, अरुणाचल, उत्तर म्यानमार आणि चीनचा नैऋत्य भाग. साधारण २२०० ते ४८०० मीटर उंचीवरची थंड, दमट जंगलं, खाली बांबूची दाट झाडी आणि वर फर, ओक, ऱ्होडोडेंड्रॉन ही झाडं. तिथल्या फरच्या खोडांवर तांबूस शेवाळ आणि पांढुरकं दगडफूल चढलेलं असतं. पाठीचा तांबडा रंग आणि चेहऱ्यावरचे पांढरे पट्टे त्या खोडावर, त्या फांदीवर मिसळून जातात. पोट आणि पाय मात्र काळे. खालून वर बघणाऱ्याला ते काळं पोट झाडाच्या सावलीचाच भाग वाटतं. आपल्याला काचेआडून जे रंग इतके उठून दिसतात, ते मुळात उठून दिसू नये म्हणून आहेत.

पूर्ण वाढ झालेल्या रेड पांडाचं वजन भरतं तीन ते सहा किलो. बिबट्या, हिमबिबट्या आणि झाडावर चढणाऱ्या, मुंगसासारख्या दिसणाऱ्या मार्टेनसारखे शिकारी त्याच्या मागावर असतात. पळण्यात तो काही फार तरबेज नाही आणि लढायला तर अगदीच अपुरा. पटकन झाडावर चढायचं, वरच्या फांदीवर निपचित पडून राहायचं आणि संकट टळेपर्यंत हलायचं नाही, हाच त्याचा बचाव. उतरताना तो मागच्या पायांचे घोटे वळवून खोड पकडतो आणि डोकं खाली करून सरळ उतरतो. फार थोड्या प्राण्यांना हे जमतं. अंगाची एवढी घडण झाडासाठी झाली असताना आपण त्याच्या झाडाचा वरचा भाग छाटला. आज दालनातली सगळ्यात उंच फांदी नव्या कट्ट्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या नजरेच्या पातळीला येते. म्हणजे तो कितीही वर चढला तरी समोर माणसाचं तोंड आहेच. आपल्यापेक्षा खाली असलेल्या माणसांची त्याला तितकीशी भीती वाटत नाही, ही गोष्ट तुमचे किपर माझ्यापेक्षा चांगली सांगू शकतील.

‘आळशी आहे, नुसता झोपतो’ हेही त्या काचेजवळ रोज कानावर येतं. त्याचं उत्तर त्याच्या पोटात आहे. रेड पांडाची पचनसंस्था मांसाहारी प्राण्यासारखी, आखूड आहे, आणि तिच्या जिवावर तो जगतो मात्र मुख्यतः बांबूच्या पानांवर. खाल्लेल्या बांबूतला थोडाच भाग त्याला पचतो. त्यामुळे भरपूर खायचं आणि मिळालेली ऊर्जा जपून वापरायची, असा त्याचा दिनक्रम. जंगलातसुद्धा दिवसरात्रीतला निम्म्याहून जास्त काळ तो विश्रांती घेतो. जागेपणीची धावपळ पहाटे, संध्याकाळी आणि रात्री. आपलं फाटक उघडतं तेव्हा त्याची झोपायची वेळ होत आलेली असते.

खाताना तो जवळून दिसला तर थांबून बघावं असंच ते दृश्य आहे. मनगटाजवळचं एक हाड वाढून त्याचा अंगठ्यासारखा उपयोग होतो. त्या ‘अंगठ्या’त बांबूची काडी धरून तो ती तोंडाकडे वाकवतो, एक पान निवडतो, ते तोंडाच्या कडेला घेतो आणि डोळे अर्धे मिटून, मान किंचित तिरकी करून चावतो. मग पुढचं पान. काडीवरची कोवळी पानं तेवढी घेतो आणि जून पानं तशीच ठेवतो. टोपलीत बांबू उरलेला दिसला म्हणून पोट भरलं असेल असं समजू नये. नको असलेली पानंच तेवढी उरलेली असू शकतात. हे सगळं शांतपणे चालू असतं ते आजूबाजूला शांतता असेल तरच. काचेवर एक टकटक झाली की काडी खाली पडते.

नवी काच बसल्यानंतर एका सुट्टीच्या दिवशी मी तिथे होते. नर झाडावरून उतरून झोपायच्या पेटीकडे निघाला होता. तिन्ही बाजूंना गर्दी होती. कुणीतरी किल्ल्यांच्या जुडग्याने काच वाजवली. तो जागीच थांबला, मागे वळला, तर त्या बाजूलाही चेहरे. मग तो मागच्या दोन पायांवर उभा राहिला, पुढचे दोन्ही पंजे वर केले आणि तोंडाने धाप लागल्यासारखा फुस्स फुस्स आवाज काढू लागला. गर्दीत एकच जल्लोष झाला. मोबाइल वर झाले, टाळ्या पडल्या, ‘हात वर करतोय बघा’ म्हणून लहान मुलांना पुढे केलं गेलं. पंज्यांची नखं बाहेर आलेली होती.

रेड पांडा आजूबाजूचा अंदाज घ्यायला म्हणूनही असा उभा राहतो. जपानमधल्या चिबा प्राणिसंग्रहालयातला फुता नावाचा रेड पांडा २००५ साली अशा उभं राहण्यामुळेच देशभर प्रसिद्ध झाला होता. पण घेरला गेल्यावर, पळायला वाट नसल्यावर तो उभा राहतो तो समोरच्याला आपण मोठे दिसावं म्हणून. पंजे वर करणं आणि तो आवाज काढणं ही धमकी असते, आणि तिच्यामागे भीती असते. त्या दिवशी टाळ्या थांबल्यावर तो पूर्वी बांबूची रांग होती त्या भिंतीकडे गेला आणि हिरवळीच्या कडेकडेने येरझाऱ्या घालत राहिला. या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग परत, त्याच रेषेवर. मी बराच वेळ थांबले, त्या येरझाऱ्या थांबल्या नाहीत. कोंडलेल्या प्राण्याच्या एकसुरी येरझाऱ्या म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. पूर्वी मी त्याला असं फिरताना पाहिलं नव्हतं. तुमच्या नोंदवहीत या बदलांच्या आधीच्या आणि नंतरच्या नोंदी असतील. त्या एकदा शेजारी शेजारी ठेवून बघाव्यात, ही आग्रहाची विनंती.

उन्हाचंही बोलायला हवं. त्याच्या अंगावर दाट दुहेरी केस आहेत, तळपायांवरसुद्धा केस आहेत. बर्फावरून चालणाऱ्या प्राण्याला ते हवेतच. पण साधारण २५ अंश सेल्सिअसच्या पुढे त्याला उष्णतेचा त्रास होऊ लागतो. थंडी असते तेव्हा तो वेटोळं घालून झोपतो आणि शेपटी तोंडावर ओढून घेतो. उकडायला लागलं की फांदीवर पोट टेकवून चारही पाय दोन बाजूंना लोंबते सोडतो, म्हणजे अंगातली उष्णता बाहेर पडते. या दुसऱ्या अवस्थेतले फोटो सगळ्यात जास्त काढले जातात. तो गोड दिसतो हे खरंच. पण तशा अवस्थेत तो धापाही टाकत असेल तर त्याला आत थंड जागेत जायचं असतं. झाडाचा शेंडा गेल्यामुळे दुपारची सावली गेली, आणि तिसऱ्या काचेमुळे वारा अडला. आतली थंड खोली आहे, पण प्रेक्षकांच्या वेळेत तिचं दार बंद ठेवलेलं मी अनेकदा पाहिलं आहे. ते दार त्याच्यासाठी दिवसभर उघडं असावं. तो आत गेला तर आम्हाला दिसणार नाही. चालेल.

साफसफाईबद्दल थोडंसंच, कारण तो प्रांत तुमच्या लोकांचा आहे. रेड पांडा फांद्यांवर, दगडांवर आपला वास सोडून ठेवतो. तळपायांवर आणि शेपटीखाली त्यासाठी ग्रंथी असतात. दुसऱ्याचा किंवा स्वतःचाच जुना वास तपासताना तो जिभेचा खालचा भाग फांदीला लावतो. नीट बघितलं तर ते दिसतं. रोज सगळ्या फांद्या जंतुनाशकाने धुऊन काढल्या, तर आपल्या घरावरची पाटी रोज सकाळी कुणी पुसून टाकावी तसं त्याचं होत असणार. थोडा भाग आलटूनपालटून न धुता ठेवता येईल का, याचा किपरांशी बोलून विचार व्हावा. भटकी कुत्री आवारात शिरणार नाहीत याची काळजी मात्र जरूर घ्यावी. कॅनाइन डिस्टेंपर हा कुत्र्यांचा रोग रेड पांडाला झाला तर बहुधा जिवावरच बेततो, आणि कुत्र्यांना देतात ती जिवंत विषाणूची लस दिल्यानेही रेड पांडा दगावले आहेत.

आता सगळ्यात काळजीची गोष्ट. या जोडीला पिल्लं व्हावीत अशी तुमची इच्छा आहे, आणि ती रास्त आहे. उत्तर गोलार्धात रेड पांडा हिवाळ्यात जोड्या जमवतात आणि बहुतेक पिल्लं जून-जुलैच्या सुमारास होतात. गर्भ रुजायला वेळ लागत असल्याने गर्भकाळ ११२ पासून १५८ दिवसांपर्यंत कितीही असू शकतो, त्यामुळे नेमकी तारीख कुणालाच सांगता येत नाही. बाळंतपण जवळ आलं की मादी पोकळ खोडात किंवा पेटीत काटक्या, गवत, पानं नेऊन घरटं करते. पिल्लं एक ते चार, सहसा एक किंवा दोन. डोळे मिटलेले, वजन शंभर-सव्वाशे ग्रॅमच्या आसपास. डोळे उघडायलाच अडीच आठवडे लागतात, आणि घरट्यातून बाहेर यायला जवळजवळ तीन महिने.

त्या तीन महिन्यांत आई पिल्लांना मानेला धरून एका घरट्यातून दुसऱ्या घरट्यात हलवते. जंगलात हे नैसर्गिकच आहे. पण प्राणिसंग्रहालयात आवाजाने, माणसांच्या वावराने ती बिथरली की हे हलवणं थांबतच नाही. पेटीतून पेटीत, पेटीतून जमिनीवर, पुन्हा पेटीत. अशी सारखी उचलाउचल झाली तर पिल्लं जखमी होतात, उपाशी राहतात, मरतात. म्हणून रेड पांडा पाळणाऱ्यांमध्ये पक्का दंडक आहे की घरट्याच्या पेट्या एकापेक्षा जास्त हव्यात, त्या शांत आणि थंड जागी हव्यात आणि त्यांच्या आसपास अनोळखी माणसाचा वावर नको. आपल्या दालनातल्या दोन पेट्यांपैकी एक आता नव्या काचेला लागून आहे. तिच्यापासून हातभर अंतरावर माणसं उभी राहून बोलत असतात.

आवाजाचा परिणाम किती टोकाचा होऊ शकतो हे एडिनबरामध्ये दिसलं. तिथल्या प्राणिसंग्रहालयात रॉक्सी नावाचं तीन महिन्यांचं रेड पांडाचं पिल्लू ५ नोव्हेंबर २०२४ च्या रात्री मेलं. बाहेर शहरात आतषबाजी चालू होती. पिल्लाला उलटी झाली आणि ती घशात अडकून ते गुदमरलं. आतषबाजीच्या ताणामुळेच हे झालं असावं, असं तिथल्या पशुवैद्यकांनी सांगितलं. त्याची आई जिंजर पाच दिवस आधी अचानक गेली होती, आणि तिच्या मृत्यूमागेही फटाक्यांचा ताण असण्याची शक्यता त्यांनी नाकारली नाही. ही बातमी वाचली त्या दिवसापासून आपल्या आवारातले लाउडस्पीकर माझ्या कानाला खुपायला लागले आहेत. संध्याकाळचे संगीताचे कार्यक्रम, पांडाच्या दालनाला लागून भरणारे वाढदिवसाचे सोहळे यांना दुसरी जागा द्या. पिल्लांच्या महिन्यांत तर ते दालन प्रेक्षकांसाठी पूर्ण बंद ठेवलंत तरी माझी तक्रार नसेल, आणि ज्यांची असेल त्यांच्याशी बोलायला मी तयार आहे.

मी प्राणिसंग्रहालयाच्या विरोधात नाही, उलट या प्राण्याच्या बाबतीत तर ती हवीतच असं माझं ठाम मत आहे. १८२५ साली फ्रेडरिक क्युव्हिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्याचं वर्णन केलं आणि १८६९ मध्ये दार्जिलिंगकडून पकडलेला एक रेड पांडा लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पोचला. त्यानंतर कितीतरी वर्षं जंगलातून धरायचे आणि पिंजऱ्यात ठेवायचे हाच खाक्या होता. तो बदलला. १९७८ मध्ये रेड पांडांची आंतरराष्ट्रीय वंशावळ नोंदवही सुरू झाली. रॉटरडॅमच्या प्राणिसंग्रहालयाकडे असलेल्या या नोंदवहीमुळे कुठल्या नराची जोडी कुठल्या मादीशी जमवायची हे जगभरातली प्राणिसंग्रहालयं मिळून ठरवू लागली. दार्जिलिंगच्या पद्मजा नायडू हिमालयन प्राणिउद्यानात जन्मलेल्या स्वीटी आणि मिनी या दोन माद्या २००३ साली सिंगालीला राष्ट्रीय उद्यानात सोडल्या गेल्या. मिनी बिबट्याच्या तोंडी गेली. स्वीटीने जंगलातल्या नराशी जोडी जमवली आणि पिल्लाला जन्म दिला.

या दोघींची आठवण मी मुद्दाम काढते आहे. पिंजऱ्यात जन्मलेल्या रेड पांडाच्या वंशातलं कुणीतरी एक दिवस जंगलात परत जाईल, या आशेवरच ही सगळी यंत्रणा उभी आहे. तिथे त्याला कामाला येणार ते लपणं, उंच चढणं, माणसापासून आणि शिकाऱ्यापासून लांब राहणं. ज्या दालनात लपायला जागाच नाही तिथे वाढलेलं पिल्लू हे कुठून शिकणार? आपल्याकडची जोडी जंगलात जाणार नाही. पण तिची पिल्लं दुसरीकडे जातील, त्यांची पिल्लं आणखी कुठे. आपण त्या साखळीतली एक कडी आहोत, आणि ती कच्ची राहू नये.

मग प्रेक्षकांनी काय बघायचं? खूप काही. घरट्याच्या पेटीत आणि झाडाच्या वरच्या भागात छोटे कॅमेरे बसवा आणि पडदा बाहेर लावा. पान चावणारा पांडा त्यावर काचेपेक्षा जवळून दिसेल आणि त्याला त्याचा पत्ताही लागणार नाही. ताजा बांबू सकाळी गारव्याच्या वेळी, दालनाच्या दर्शनी भागात ठेवा. तो यायचा तेव्हा येईल. किपर त्याचं वजन कसं करतात ते दाखवा. काठीच्या टोकावरच्या चेंडूला नाक लावत तो आपणहून काट्यावर चढतो आणि बक्षीस म्हणून सफरचंदाची फोड घेतो. एकदा मला ते बघायला मिळालं होतं. त्या पाच मिनिटांत किपर आणि पांडा यांच्यातला विश्वास जितका दिसला, तितका कुठल्याच फलकावरून कळला नसता. तिकीटखिडकीवरच स्पष्ट लिहा की आज रेड पांडा दिसेलच असं नाही. लोक समजूतदार असतात; आधी सांगितलं तर राग येत नाही.

जवळ जाऊन हाताने भरवण्याचा, फोटो काढण्याचा खास कार्यक्रम सुरू करायचा विचार चालू असल्याचं कळलं. तो करू नये असं मला वाटतं. त्यातून पैसे मिळतात आणि ते चांगल्या कामाला लागू शकतात, हे मान्य आहे. तरीही, मांडीजवळ बसवलेल्या रेड पांडाचा प्रत्येक फोटो बघणाऱ्याच्या मनात ‘आपल्याकडेही असा असता तर’ हीच इच्छा जागी करतो, आणि या प्राण्याच्या चोरट्या व्यापाराला तीच इच्छा पोसते. तरीही करायचंच ठरलं, तर निदान त्याच्या पाठीमागचं दार उघडं असू द्या. त्याला यायचं नसेल तर त्या दिवशी कार्यक्रम झाला नाही असं समजा.

फलक मात्र तातडीने बदलायला हवेत. सध्याच्या फलकावर त्याला ‘अस्वलाचा छोटा भाऊ’ म्हटलं आहे. तो अस्वल नाही. एल्युरिडी या कुळात आज फक्त रेड पांडाच जिवंत उरले आहेत. रकून, वीझल, स्कंक हे लहान मांसभक्षी प्राणी त्याचे त्यातल्या त्यात जवळचे नातेवाईक. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार हिमालयातला आणि चीनमधला रेड पांडा या दोन वेगळ्या जाती आहेत. हिमालयातल्या पांडाचा चेहरा जास्त पांढरा, तर चीनमधल्याचा चेहरा जास्त तांबडा आणि शेपटीवरची कडी जास्त ठळक. आपल्याकडचे कुठले, ते फलकावर नाही. २०१५ पासून तो ‘आययूसीएन’ या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या यादीत धोक्यातली जाती म्हणून नोंदलेला आहे आणि जंगलात प्रौढ रेड पांडा दहा हजारांपेक्षा कमी उरले असावेत असा अंदाज आहे, हेही नाही. जंगल तुकड्यातुकड्यांत तुटतंय, बांबू कापला जातोय, गुरांबरोबर आलेली कुत्री रोग आणतायत, दुसऱ्याच प्राण्यांसाठी लावलेल्या फासात हे सापडतायत. पूर्व नेपाळमध्ये गावातलीच माणसं ‘वनरक्षक’ म्हणून जंगलात फिरून त्यांच्या नोंदी ठेवतात आणि फास काढतात. रेड पांडा नेटवर्क ही संस्था हे काम चालवते. सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी आंतरराष्ट्रीय रेड पांडा दिवस असतो. त्या दिवशी केक कापण्याऐवजी या वनरक्षकांच्या कामाची माहिती आणि त्यांच्यासाठी देणगीपेटी ठेवता येईल.

आणि सहप्रेक्षकहो, चार शब्द तुमच्याशी. काच वाजवू नका. मुलांना वाजवू देऊ नका. तो झोपला असेल तर झोपलेला बघा. शेपटीच्या कड्यांवरून अर्धाच बघा. अजिबात दिसला नाही तर थोडं थांबा, नाहीतर पुढच्या पिंजऱ्याकडे जा आणि परत येताना पुन्हा डोकवा. ‘दिसला नाही’ अशी तक्रार वहीत लिहिण्याआधी, आपण लिहिलेल्या अशा तक्रारींमुळेच ते झाड कापलं गेलं हे लक्षात असू द्या.

संचालक महोदय, मागितलेल्या सगळ्या गोष्टी एका दिवसात होणार नाहीत. फांद्या वाढायला वर्षं जातील, तोवर लाकडी मचाणं आणि दोरांचे पूल उंचावर बांधता येतील, पण तेही नवा कट्टा खाली उतरवल्यावर किंवा बंद केल्यावरच उपयोगाचं. बांबूच्या नव्या रांगेला दाट व्हायला वेळ लागेल. सुट्टीच्या दिवशी काचेजवळ उभं राहून लोकांना समजावून सांगायला, टकटक थांबवायला माझ्यासारखे काही नियमित येणारे तयार आहेत. तुमच्या किपरांनी आम्हाला अर्धा दिवस शिकवलं तर आम्ही ते नीट करू. कॅमेऱ्यांच्या खर्चासाठी वर्गणी काढायचीही आमची तयारी आहे.

तिसऱ्या काचेवर अपारदर्शक पडदा लावणं आणि तिला लागून असलेली घरट्याची पेटी मागच्या शांत कोपऱ्यात हलवणं, ही दोन कामं मात्र मादी पुढच्या वेळी घरटं करायला लागण्याच्या आत व्हायला हवीत. ती कधी होतील, एवढं समितीच्या येत्या बैठकीनंतर आम्हाला कळवाल का?

आपली,
प्राणिसंग्रहालयाची एक नियमित प्रेक्षक